अण्णासाहेबांचं अक्षर

औरंगाबादपासून नांदेडपर्यंत कुठल्याही ड्रॉइंग ब्रँचमध्ये अण्णासाहेब परतूरकरांचं नुसतं नाव काढा, चार जुनी माणसं माना डोलावणार. धरणाचा नकाशा असो की कालव्याचा छेद, खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची अक्षरं पडली की तो कागद न्हाऊन-माखून आल्यासारखा दिसायचा. सगळी एकाच जाडीची रेघ. कुठे फुगलेली नाही, कुठे तुटलेली नाही. आणि 'त' चा पाय किंचित डावीकडे कललेला, ही अण्णासाहेबांची खूण. नवीन जालन्यात स्टेशनमागे कालव्यांचं जे ऑफिस होतं, तिथे बदलून येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला पहिल्याच दिवशी हा कललेला 'त' दाखवत. गावाबाहेरच्या पाहुण्याला देऊळ दाखवावं तसा.

खरी गोष्ट अशी की, एकाहत्तरच्या दिवाळीपासून अण्णासाहेबांनी एक अक्षर काढलेलं नव्हतं. ती सगळी अक्षरं प्रभावती हिवाळेची होती.

प्रभावती त्या ऑफिसात ट्रेसर होती. ट्रेसरचं काम म्हणजे पेन्सिलीच्या नकाशावर पातळ कागद ताणून बसवायचा आणि रेघा शाईने उतरवायच्या. रेघाच फक्त. अक्षरं आणि आकडे हेड ड्राफ्ट्समनने स्वतःच्या हाताने घालायचे, हा निजामाच्या वेळेपासूनचा रिवाज. निजाम गेला, हैदराबाद गेलं, मुंबई राज्य आलं आणि गेलं, महाराष्ट्र झाला. रिवाज जागचा हलला नाही. आपल्याकडे सरकारं बदलतात, टेबलं बदलत नाहीत.

सदुसष्ट साली ती कोर्स करून आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. ब्रँचमध्ये नऊ पुरुष आणि ही एकटी. तिचं टेबल दाराशी, जिथे दुपारचं ऊन थेट कागदावर यायचं. कुणी तिला वेडंवाकडं बोललं असं नाही. शिकलेली माणसं, बोलतील कशाला? फक्त दुसऱ्या दिवशी माठाशेजारी एक वेगळा ॲल्युमिनियमचा पेला आला. तो कुणासाठी हे कुणी सांगितलं नाही आणि तिलाही विचारावं लागलं नाही. छप्पन साली बापाने धम्म घेतला होता, पण ऑफिसच्या माठाला ते कोण कळवणार?

त्याच दुपारी अण्णासाहेब उठले, माठापाशी गेले, तोच पेला उचलला, त्यातून दोन पेले पाणी प्यायले आणि धोतराच्या सोग्याने मिशा पुसत जागेवर येऊन बसले. धोतर नेसणारा, शेंडी राखणारा माणूस. संध्याकाळपर्यंत तो पेला नाहीसा झाला होता.

हे उपकार प्रभावती विसरली नाही. विसरली असती तर बरं झालं असतं, असं आम्ही म्हणू. पण आम्हाला म्हणायला काय जातं?

पुढे चार वर्षं अण्णासाहेबांनी तिला शिकवलं. "पेन ओढायचं पोरी, ढकलायचं न्हाई. ढकललं का कागद रुसतो." रेघ कशी धरायची, शाई किती घ्यायची, चुकलं तर ब्लेडने कागद न फाडता कसं खरवडायचं. अक्षरं तर ट्रेसरला शिकवायची नसतातच. तीही त्यांनी शिकवली, हौस म्हणून. रद्दी कागदावर ती त्यांचं अक्षर गिरवायची. 'श' ची गाठ उघडी, पाचाची मान आखूड, 'त' चा पाय कललेला. आणि एक दिवस तिने लिहिलेली ओळ बघून अण्णासाहेब स्वतःच चकले. "हे मी कधी लिहिलं बरं?"

त्याच वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला.

आधी चहाची बशी वाजायची. मग रेघ थरथरायला लागली. हेड ड्राफ्ट्समनचा हात कापतो हे वर कळलं असतं तर मेडिकल बोर्ड बसलं असतं आणि पन्नाशीतच घरी जावं लागलं असतं. एका दुपारी ब्रँचमध्ये कुणी नसताना त्यांनी एक नकाशा तिच्यापुढे ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. तिने पेन उचललं.

दुसऱ्या आठवड्यात अण्णासाहेबांच्या टेबलाभोवती प्लायवूडचा आडोसा उभा राहिला, "चित्त लागावं म्हणून". आत ते बसायचे आणि जेवणाच्या सुट्टीत, कुणाचं लक्ष नसताना, प्रभावती. पहिले दोन महिने लोकांनी व्हायची ती कुजबुज केली. मग अण्णासाहेब सगळ्यांदेखत तिला "लेकी" म्हणायला लागले आणि कुजबुज थांबली. अक्षरं तिची, आकडे तिचे, आणि कोपऱ्यातल्या चौकटीतली त्यांची सहीसुद्धा तीच करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीत हात हिचा.

सहा वर्षं. या सहा वर्षांत ड्राफ्ट्समनच्या जागा दोनदा निघाल्या. दोन्ही वेळा अण्णासाहेबांनी दुसऱ्याच्या नावाची शिफारस केली. दुसऱ्यांदा तिने धीर करून विचारलं, तर ते म्हणाले, "तू गेलीस तर माझं कसं, प्रभा?" निदान खोटं तरी बोलले नाहीत.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत पुण्याहून अरुंधतीबाई आल्या. वय अठ्ठावीस-तीस, मोठा चष्मा, हातात नकाशाची लांब पत्र्याची नळी. पुण्याला कुठल्याशा केंद्रात कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेलं नकाशे काढणारं यंत्र. देशमुख साहेबांनी, म्हणजे जालन्याच्या कार्यकारी अभियंत्यांनी, सगळ्या ब्रँचला हॉलमध्ये बोलावलं. बाईंनी नळीतून कागद काढून पसरला. कालव्याचा छेद होता, यंत्राने काढलेला. रेघा अशा की ब्रँचमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"रेघ त्याला येते," अरुंधतीबाई म्हणाल्या, "पण अक्षर येत नाही. इंग्रजी येतं, ते विलायतेहून शिकूनच आलंय. सरकारचा हुकूम आहे की नकाशे मराठीत हवेत. आणि छापखान्याचं मराठी अक्षर आम्हाला चालत नाही. ते कुठे जाड, कुठे बारीक. यंत्राच्या हातात एकच पेन. जाड भाग रंगवत बसलं तर एका शब्दाला अर्धा तास जातो. आम्हाला एकाच रेघेचं अक्षर हवंय. इथे पेन टेकव, इथवर ने, वळव, उचल, एवढंच त्याला सांगता यायला हवं."

त्यांनी पाच ऑफिसांतून नमुने मागवले होते. ते टेबलावर मांडले. नाशिकचं अक्षर देखणं होतं, पण त्यात पेन फार वेळा उचलावं लागत होतं. एकाचं अक्षर लहान केलं की गाठी बुजत होत्या. बाईंनी पाचव्या कागदावर बोट ठेवलं. "हे घ्यायचं ठरलंय. कुणाचं आहे?"

सगळ्या ब्रँचने प्लायवूडच्या आडोशाकडे पाहिलं. अण्णासाहेब उठून उभे राहिले. उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो आता कायम खिशातच असायचा.

मग साहेबांनी पुढचं वाचून दाखवलं. औरंगाबादला या कामाचा नवा कक्ष निघणार. ज्याची अक्षरं मंजूर होतील त्याला तिथे, आहे त्या जागेच्या एक पायरी वर घेऊन, नेमायचं. पुढे या अक्षरांची देखभाल त्यानेच करायची. माणूस निवृत्तीला आला असेल तर दोन वर्षांची मुदतवाढ. अण्णासाहेब मे महिन्यात निवृत्त होणार होते.

प्रभावती दाराशी उभी होती. अकरा वर्षं ट्रेसर म्हणून काढलेली बाई. जागा अक्षर काढणाऱ्याची आहे आणि अक्षर आपलं आहे, एवढा सरळ हिशोब तिने त्या घटकेला मांडला. सरळ हिशोब मांडणारी माणसं सरकारी नोकरीत फार दुःख भोगतात.

"मदतीला आमची प्रभा राहील," अण्णासाहेब हॉलभर हसत म्हणाले.

मदत! दोन महिने त्या आडोशात तिने काय केलं ते ऐका. प्रत्येक अक्षरासाठी आलेखाच्या कागदावर सोळा घरं आडवी, चोवीस उभी. त्या चौकटीत अक्षर बसवायचं आणि पेन जिथे जिथे वळतं त्या त्या घराचा आकडा लिहायचा. पेन खाली असेल तर एक खूण, वर असेल तर दुसरी. जी गोष्ट हात न विचारता करत होता ती त्याला विचारून विचारून कागदावर उतरवायची. 'क' कुठून सुरू होतो? दांडा आधी की पोट आधी? वेलांटी शेवटी की मध्येच? तिने एकेक अक्षर दहा-दहा वेळा हवेत काढून पाहिलं. अण्णासाहेब शेजारी बसून पान चघळायचे.

पहिला तक्ता पुण्याला गेला आणि आठ दिवसांनी पत्र आलं. यंत्राने लिहिलेला नमुना सोबत होता. अक्षरं बरी होती, पण डोक्यावरच्या रेघेवर दर सांध्याला शाईचा ठिपका. एक अक्षर संपलं की पेन थांबे, दुसऱ्यासाठी पुन्हा तिथेच टेके, आणि शब्दाच्या माथ्यावर माश्या बसल्यासारखं दिसे. परतूरकर साहेबांनी उपाय सुचवावा, असं पत्रात होतं. परतूरकर साहेबांनी पत्र प्रभावतीपुढे सरकवलं.

तिने दोन दिवस विचार केला आणि मग सगळ्या अक्षरांची डोकी उडवली. डोक्याची रेघ तक्त्यातच ठेवायची नाही. अक्षरं आधी बोडकी लिहायची, शब्द कुठे सुरू झाला नि कुठे संपला ते यंत्राने लक्षात ठेवायचं, आणि शेवटी एका दमात एकच रेघ ओढायची. माणूसही तसंच करतो. फक्त माणसाला ते सांगावं लागत नाही.

फेब्रुवारीत बाई पुन्हा आल्या त्या खूश होऊन. ठिपके गेले होते. पण आता लहान अक्षर चिखल होत होतं. मोठ्याच तक्त्याला अर्धं करून यंत्र लिहीत होतं आणि 'ळ' ची दोन्ही पोटं शाईने भरत होती. अण्णासाहेबांनी आडोशातून बाहेर येऊन गंभीरपणे सांगितलं, "बाई, लहान अक्षर म्हणजे लांबून पाहिलेलं मोठं अक्षर न्हाई. त्याचा तक्ता अलग पाहिजे, बिलकुल अलग. गाठी उघड्या, पोटं मोठी." अरुंधतीबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं डायरीत उतरवून घेतलं. सकाळी दहा वाजता प्रभावती ते अण्णासाहेबांना बोलली होती. तिच्या शब्दांत "अलग" नव्हतं, तेवढी अण्णासाहेबांची भर.

त्या संध्याकाळी तिने त्यांना गाठलं. "अण्णासाहेब, आता सांगा ना. तुम्हाला मे महिन्यात घरी जायचंच आहे. आता बोर्ड बसून काय करणार? मला ती जागा मिळू द्या."

"मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? वेळ येऊ दे, लेकी. मी हायच की."

"कधी येणार वेळ?"

"दोन वर्षं मुदतवाढ मिळू दे. तिथं तुला माझ्याखाली घेतो. मंग ती जागा तुझीच."

जुन्या जालन्यातल्या घरी आई झुंबरबाई भाकरी थापत होती. लेकीचं ऐकून तिने तव्यावरची नजर काढली नाही. "एक पेला पाणी पेलं त्या माणसानं. किती वर्सं फेडून राह्यलीस त्ये? आगं, इहिरीचं पानी बी आटलं आसतं येवढ्यात."

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी अरुंधतीबाई व्हरांड्यात एकट्या चहा घेत होत्या, तिथे जाऊन प्रभावतीने सगळं सांगितलं. एकाहत्तरपासूनची अक्षरं, तक्ता, डोक्याची रेघ, सही. तिला वाटलं होतं, बाईच्या जातीला बाईचं कळेल. हेही एक आपण उगाच धरून बसतो.

अरुंधतीबाईंनी कप खाली ठेवला. त्या वाईट नव्हत्या, नीटनेटक्या होत्या. "हिवाळेबाई, हे फार गंभीर आहे. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, पण मला काहीतरी आधार हवा." त्यांनी डायरीतलं कोरं पान आणि पेन पुढे केलं. "तुमचं अक्षर दाखवा."

प्रभावतीने दोन ओळी लिहिल्या. लिहिता लिहिताच तिला ते दिसलं. 'त' चा पाय डावीकडे कलला होता.

"हे तर त्यांचं अक्षर झालं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "हुबेहूब आहे. पण मला तुमचं स्वतःचं हवंय. म्हणजे मला फरक तरी कळेल."

तिने पुन्हा लिहिलं. हळू लिहिलं. 'श' ची गाठ मुद्दाम बंद केली, तर अक्षर लंगडं दिसायला लागलं, खोटं दिसायला लागलं. तिसऱ्यांदा लिहिलं. शेवटी पेन ठेवलं.

तेवढ्यात अण्णासाहेब व्हरांड्यात आले. बाईंनी सरळच विचारलं. खरं बोलायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. खुद्द वेळच चालत आली होती. अण्णासाहेबांनी पान हातात घेतलं, डाव्या हातात, आणि कौतुकाने पाहिलं. "मीच शिकवलं हिला. पोरीचा हात माझ्या हातावर इतका बराबर बसलाय, की कधी कधी तिलाच वाटतं, सारं तिनंच केलं. मनाला लावून घेऊ नका, बाई. गुणी आहे."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्याचाही अर्धा भाग खरा होता. अशा खोट्याला उत्तर नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी सकाळी प्रभावतीने पलंगाखालची ट्रंक ओढली. तळाशी तिची सातवीची वही होती. बापाने तिला अक्षरं घरीच शिकवली होती, शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने. त्याला स्वतःला त्यातली निम्मीच येत होती. वहीतलं अक्षर मोठं, रुंद, उजवीकडे झुकलेलं, अघळपघळ होतं. हसू यावं असं. तिने कागद घेतला आणि तसं लिहायला बसली. येईना. मग वहीच्या पानावर पातळ कागद ठेवून तिने ते गिरवलं, आणि तेव्हा ते आलं, कुणा परक्या मुलीचं गिरवावं तसं. स्वतःच्या अक्षराची नक्कल करायला बसलेली ती बाई अर्ध्या पानावर थांबली आणि रडली. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अंतिम तक्ता आला. यंत्राने मोठ्या कागदावर सगळी अक्षरं, आकडे, दोन मापांत ओळीने लिहिली होती. खाली चौकट: "अक्षरलेखक". अशा दोन प्रती. दोन्हींवर सही करायची; एक जालन्याला राहणार, एक अरुंधतीबाई सोबत पुण्याला नेणार. त्या दुसऱ्या प्रतीवरून नेमणुकीचा कागद निघणार.

सहीचा समारंभ तीनला होता. दोनला अण्णासाहेबांनी तिला आडोशात बोलावलं आणि दोन्ही प्रती पुढे ठेवल्या. "करून टाक जल्दी. मंग हॉलमध्ये मी नुसतं पेन फिरवल्यासारखं करतो."

"न्हाई," ती म्हणाली.

अण्णासाहेबांना ऐकू आलं नसावं, असं तिला वाटलं. तिने पुन्हा सांगितलं. "न्हाई करणार. चौकट तुमची, सही तुम्ही करा. सगळ्यांसमोर."

त्यांचा चेहरा उतरला. प्रभावतीला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा तिला संताप आला. पण ती उठून बाहेर आली. तिचं गणित आता वेगळं होतं. तिने बोलून काही होत नाही, ठीक आहे. मग हातच बोलू दे. ज्या हाताला सही जमत नाही, त्या हाताने हा तक्ता कसा काढला, हे हॉलमधल्या आंधळ्यालाही विचारावंसं वाटेल.

तीन वाजले. हार झाला, नारळ झाला. देशमुख साहेब चार शब्द बोलले. मग पहिली प्रत टेबलावर ठेवली गेली आणि अण्णासाहेबांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला. सगळ्यांसमोर, सहा वर्षांत पहिल्यांदा. हात कापत होता. नुसता कापत नव्हता, उडत होता. पेन कागदाला टेकलं तेव्हा टकटक आवाज आला. 'प' च्या जागी एक वेडीवाकडी गाठ पडली, मग शाईचा डाग, मग रेघ चौकटीबाहेर घसरली. प्रभावती अरुंधतीबाईंकडे पाहत होती.

"बघा," देशमुख साहेब म्हणाले, "पस्तीस वर्षं लिहून लिहून या हाताची काय दशा झाली ती बघा! सगळं या कामाला दिलं माणसाने!"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी कुणी वाजवली कोण जाणे, पण सगळ्यांनी वाजवल्या. दोघा-तिघांनी डोळे पुसले. अण्णासाहेबांनीही पुसले. माणसाला खरंच वाटायला किती थोडा वेळ लागतो!

प्रभावतीच्या शेजारी शिपाई संपत चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, कामून येवढं मनाला लावून घेता? समद्यालाच ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"त्येच की. तुमी लिहिता त्ये. प्लायवूड हाय ते, काय दगडाची भित हाय का? सायबाला बी ठावं हाय. आल्ता त्याच सालापासून."

तिने हॉलभर नजर फिरवली. अकरा वर्षांच्या ओळखीचे चेहरे. कुणी तिची नजर चुकवलीसुद्धा नाही. चुकवायला काही तरी लाज लागते. इतकी वर्षं ती एक गुपित सांभाळत होती, आणि ते गुपित फक्त तिच्या एकटीसाठी होतं.

"दुसरी प्रत," अरुंधतीबाई घड्याळ बघत म्हणाल्या. पहिलीवरचा डाग पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. "ही पुण्याला जायची. जरा स्वच्छ हवी."

"हां, ती आपल्या हिवाळेबाई करतील," देशमुख साहेब सहज म्हणाले, पंखा लावायला सांगावं तसं. "नेहमीसारखी."

नेहमीसारखी. हा शब्द हॉलमध्ये पडला आणि कुणी दचकलं नाही. अण्णासाहेब खुर्चीत बसून राहिले, गळ्यात हार, हात पुन्हा खिशात. त्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत विनवणी होती, आणि ती तिला ओळखीची होती.

तिला सरळ निघून जाता आलं असतं. पण एक माणूस हॉलमध्ये असा होता ज्याला अजून खात्री नव्हती, ज्याने आधार मागितला होता, आणि ज्याच्या अहवालावर जागा ठरणार होती. प्रभावती टेबलाशी आली. तिने कागद अरुंधतीबाईंच्या बाजूला फिरवला, त्यांना नीट दिसेल असा. "बाई, तुम्ही इकडं बघा," ती म्हणाली. "तुम्हाला आधार पाहिजे होता."

आणि तिने सही केली. अण्णासाहेब परतूरकरांची, न थांबता, न अडता, एका दमात. पेन उचलून तिने ते दोन्ही प्रतींच्या मध्ये ठेवलं. डावीकडे त्या माणसाच्या स्वतःच्या हाताची सही, डागाळलेली, चौकटीबाहेर गेलेली. उजवीकडे त्याच माणसाची सही, वरच्या तक्त्यातल्या अक्षरांशी रेघेला रेघ जुळणारी, 'त' चा पाय तेवढाच कललेला. याहून उघड काही असू शकत नव्हतं.

अरुंधतीबाई वाकल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी डावीकडची सही पाहिली, उजवीकडची पाहिली, मग वरचा तक्ता पाहिला. पुन्हा सही पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कळलं त्यांना. पुरतं कळलं. त्यांनी मान वर करून प्रभावतीच्या डोळ्यांत पाहिलं, एक क्षण, आणि मग साहेबांकडे, हाराकडे, नारळाकडे, दाराशी उभ्या असलेल्या जीपकडे.

त्यांनी उजवीकडची प्रत उचलली, शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर मारली, गुंडाळली आणि नळीत सरकवली. झाकण घट्ट बसलं.

"साडेपाचची मनमाडची गाडी गाठायचीय," त्या म्हणाल्या. "येते मी."